वरून घातलेला मलिदा

“बाईमाणसाच्या रक्तात कुणाचं दिसतं म्हणालात?”

सासूबाईंनी हे विचारलं तेव्हा त्यांच्या दंडाला रबरी पट्टा बांधून झाला होता. मूठ वळलेली होती आणि समोर बसलेल्या डॉक्टर शाल्मली बेडेकर सुईचं टोपण काढत होत्या.

“आईचं, आजी,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “पुरुषाच्या रक्तातून बाप, बापाचा बाप, असं मागे जाता येतं. बाईच्या रक्तातून आई, आईची आई, तिची आई. हजार वर्षं, दोन हजार वर्षं, कितीही मागे.”

“आणि बापाचं?”

“बापाचंही थोडं कळतं. पण आईची खूण जशीच्या तशी राहते. ती पुसली जात नाही.”

सासूबाईंनी हात मागे ओढून घेतला. पट्टा त्यांनी स्वतःच सोडवला, नीट गुंडाळला आणि टेबलावर ठेवला.

“मला चक्कर येतेय,” त्या म्हणाल्या. “माझं नको.”

मशिदीच्या अंगणात हशा पिकला. आमच्यातली जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणत, अजूनही म्हणतात. रांगेत मागे उभे असलेले शालोमकाका मोठ्यानं म्हणाले, “मिल्कावहिनी, चार बाळंतपणं काढलीत आणि टाचणीएवढ्या सुईला भ्यालात होय?”

सासूबाई हसल्या नाहीत. पदर सारखा करून त्या पायरीवर जाऊन बसल्या. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाल्या, “मला काही झालेलं नाही, सिपोरा. तू रांगेत जा.”

त्यांचा तळहात घामानं ओला होता. उन्हाळा होता, म्हणून मी त्याचा विचार केला नाही.

या गोष्टीला आता पंचवीसेक वर्षं झाली. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे इथले ज्यू, अलिबागच्या दक्षिणेला खाडीकाठच्या एका लहान गावात राहणारे. आमचे पूर्वज कधीकाळी गलबत फुटून या किनाऱ्याला लागले, असं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. इथं त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव आम्हांला शनवार तेली म्हणायचं. डॉक्टरबाई त्याचाच शोध घ्यायला आल्या होत्या. कोण कुठून आलं, इथल्या माणसांत कसं मिसळलं, ते रक्तावरून बघायचं होतं त्यांना.

शालोमकाका त्यांना म्हणाले होते, “रक्त कशाला काढता बाई, तेल काढा. घाणा आमचाच आहे, फुकट काढून देतो.”

पण आमच्या घरात ही चेष्टेची गोष्ट नव्हती. माझ्या मुलीचं, एलिशेवाचं, लग्न त्या सुईच्या टोकावर येऊन अडलं होतं.

आमच्यातही दोन वाटे होते. ज्यांच्या घरात कधी काळी बाहेरची बाई आली असं लोक म्हणत, ते काळे. बाकीचे गोरे. कातडीच्या रंगाशी त्याचा काही संबंध नव्हता; माझे सासरे तव्यासारखे काळे होते आणि गोरे म्हणवत होते. एकाच मशिदीत प्रार्थना, शनिवारचा एकच शब्बाथ, एकच सण. पण सोयरीक नाही आणि भांडं वेगळं. मुंबईत हे केव्हाच मोडलं होतं. आमच्या गावातही बहुतेकांनी सोडून दिलं होतं. आमच्या घरानं सोडलं नव्हतं, कारण आमचं घर हाजानाचं. माझे सासरे, त्यांचे वडील, सगळे मशिदीत प्रार्थना चालवणारे.

काळ्यांचं शेवटचं घर रेमाबाईंचं. ऐंशीला टेकलेल्या, वाकलेल्या, खाडीपलीकडच्या वाडीत राहणाऱ्या. कुणाकडे मलिदा असला की त्या आपली वाटी पिशवीत घालून यायच्या. नवस फेडताना आमच्यात मलिदा करतात: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, वर फळं. एलियाहू हन्नाबीचं, आमच्या प्रेषिताचं, नाव घेऊन प्रार्थना झाली की सगळ्यांना वाटतात. रेमाबाई अंगणात शेवटच्या टोकाला बसायच्या. वाटी दोन्ही हातांनी वर धरायच्या आणि वाढणाऱ्याला स्वतःच सांगायच्या, “वरून घाल गो बाय, हात नको लावू.” कुणाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून त्या ते हसून म्हणायच्या. आमच्या घरी त्यांना मलिदा नेहमी सासूबाईच वाढत. दुसऱ्या कुणाला वाढू देत नसत.

आणि एलिशेवाला, आमच्या शेवाला, लग्न करायचं होतं ते रेमाबाईंच्या नातवाशी, मुलीच्या मुलाशी. अव्नेर त्याचं नाव. वीजमंडळात वायरमन होता. गणपतीच्या दिवसांत आमच्या वाडीची लाइट गेली, हा खांबावर चढला होता, आणि माझी मुलगी खाली बॅटरी धरून उभी होती. एवढ्यानं सुरुवात झाली म्हणे.

सासूबाईंनी हे ऐकलं. त्या आरडाओरडा करणाऱ्यातल्या नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, “त्या घरात माझी नात जाणार नाही.”

“का पण, आजी?” शेवानं विचारलं. “तो शब्बाथ पाळतो, दारू पीत नाही, पगार आणून आईच्या हातावर ठेवतो. तुझा लेक तरी ठेवायचा का?”

आमचे हे वर्तमानपत्राआडून म्हणाले, “मला मधे घेऊ नका.”

“त्यांच्यात मिसळ आहे,” सासूबाई म्हणाल्या.

“आणि आपल्यात नाही कशावरून?”

“आपल्यात नाही. ती डॉक्टरीण येतेय ना? येऊ दे. घेऊ दे रक्त. एकदा कळू दे सगळ्यांना. मग हा विषय या घरात पुन्हा निघायचा नाही.”

“आणि उलटं कळलं तर?”

“उलटं कळलं,” सासूबाई म्हणाल्या, “तर मी माझ्या हातानं तुला मेंदी लावीन.”

म्हणून त्या दिवशी त्या सणाचं पातळ नेसून, रांगेत सर्वांत पुढे उभ्या राहिल्या होत्या. आणि म्हणूनच त्या पायरीवर जाऊन बसल्या तेव्हा शेवाचा चेहरा उतरला.

पण त्या दिवशी आणखी एक झालं. रेमाबाईही आल्या होत्या, नातवाच्या स्कूटरवरून. बाही वर करून, “घे बाय, म्हातारीचं रक्त पाण्यासारखं निघेल,” म्हणत रांगेत सरकत होत्या. सासूबाई उठल्या ते त्यांनी पाहिलं. मग त्यांनी आपली बाही हळूच खाली ओढली.

“माझं पण नको,” त्या म्हणाल्या.

अव्नेर वैतागला. “आजी, सकाळपासून तूच घाई केलीस ना?”

“केली. आता नको वाटतं. बाई माणूस आहे, मन बदललं.”

“अगं पण का?”

“तुझं दे की. तुझं रक्त ताजं आहे.”

अव्नेरनं दिलं. आमच्या ह्यांनीही दिलं. “आईच्या वाटचंही माझंच घ्या,” म्हणाले आणि पुन्हा सगळे हसले. सासूबाई पायरीवरून बघत होत्या. त्यांचा जीव भांड्यात पडल्यासारखा दिसला. पुरुषाच्या रक्तात बापाचं दिसतं, एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं.

मी सोमवार आणि गुरुवार करते. लग्नाआधीपासून. दिवसभर काही नाही, संध्याकाळी तारे दिसले की सोडायचं. शुक्रवारी दिवेलागणीला टांगलेल्या हंडीत तेल घालायचं, ते कुणाशी न बोलता. घरातून निघताना आणि आत येताना चौकटीवरच्या मेझुझाला, प्रार्थनेच्या डबीला, बोटं लावायची. एवढंच माझं. मला भांडता येत नाही, मोठ्यानं बोलता येत नाही. जे मागायचं ते मी असं मागते. त्या संध्याकाळी मी नवस बोलले: रक्त एक निघू दे आणि पोरीचं लग्न होऊ दे, मी गावाला मलिदा घालीन.

निकाल यायला वर्षाहून जास्त गेलं. त्या काळात घरात कुणी तो विषय काढला नाही. शेवा अलिबागच्या शाळेत शिकवायला लागली. अव्नेर खांबांवर चढत राहिला. रेमाबाईंना दम लागायला लागला, त्या वाडीतून फारशा निघेनात. सासूबाई मला कधीमधी विचारायच्या, “ती रेमा कशी आहे गो?” मी म्हणायचे, “बघून येऊ का?” तर म्हणायच्या, “नको. सहज विचारलं.”

पाऊस ओसरल्यावर डॉक्टरबाई पुन्हा आल्या. आमच्या नव्या वर्षाचा सण होऊन गेला होता आणि दारफाळणीचा सण तोंडावर होता. मशिदीत सतरंज्या अंथरल्या. डॉक्टरबाईंनी फळ्यावर काही काढलं नाही. त्यांनी विचारलं, “मलिदा तुम्ही कसा करता?”

बायकांनी गलका करून सांगितलं.

“एकदा कालवल्यावर त्यातला गूळ वेगळा काढता येईल?”

“कशाला काढायचा?” शालोमकाका म्हणाले. “खायचा!”

“तेच सांगायला आलेय,” डॉक्टरबाई हसल्या. “तुमच्या गावातल्या नमुन्यांत बापांच्या बाजूनं काही खुणा दूरच्या आहेत, पश्चिमेच्या, समुद्रापलीकडच्या. तुमची गलबताची गोष्ट मला खोटी वाटत नाही. पण आयांच्या बाजूच्या खुणा बहुतेक इथल्या आहेत. कोकणातल्या, घाटावरच्या. गलबतातून पुरुष उतरले असतील, घरं इथल्या बायकांनी उभी केली. आणि हे सगळ्यांत सारखं आहे. गोरे म्हणा, काळे म्हणा, मला नमुन्यांवर नावं नसती तर वेगळे काढता आले नसते.”

शालोमकाकांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि पुन्हा घातली. शेवानं बायकांच्या बाजूनं पुरुषांच्या बाजूला पाहिलं. अव्नेर जमिनीकडे बघून हसत होता.

मग ज्याला हवं त्याला डॉक्टरबाई ओसरीवर एकेकट्याला बोलावून त्याचं त्याचं सांगत होत्या. आमचे हे गेले, मग अव्नेर गेला. नंतर दोघं अंगणात बोलत उभे राहिले, आणि पुन्हा जोडीनं ओसरीवर आले. मी आणि सासूबाई तिथंच खांबाशी बसलो होतो.

“बाई,” आमचे हे म्हणाले, “तुम्ही याला आईकडची जी खूण सांगितली, तीच मला सांगितली. आमचा काही घोटाळा होतोय का?”

“दोघांची हरकत नसेल तर सांगते,” डॉक्टरबाई म्हणाल्या. दोघांनी माना हलवल्या. “घोटाळा नाही. मीही तपासणी दुसऱ्यांदा केली. तुमच्या दोघांची आईकडची रेघ एकच आहे. अगदी शेवटच्या ठिपक्यापर्यंत. गावात दुसऱ्या कुणात ती नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे मागे कुठंतरी तुमची दोघांची आजी एक.”

“कुठं?”

“ते रक्त सांगत नाही. पाचशे वर्षांपूर्वीची असेल. हजार वर्षांपूर्वीची असेल. अलीकडचीही असू शकेल.”

“पण तुम्ही तर म्हणालात,” सासूबाईंचा आवाज मला ओळखू आला नाही, “पुरुषाचं बापाकडून दिसतं म्हणून.”

“बापाचंही दिसतं, आजी. पण आई आपली खूण सगळ्या लेकरांना देते, मुलगा असो की मुलगी. मुलाला फक्त ती पुढे देता येत नाही. त्याच्यापाशी संपते.”

सासूबाई खांबाला धरून उठल्या.

आमचे हे आनंदानं लहान मुलासारखे झाले होते. “आई! मेंदी कबूल केली होतीस हां! सगळ्यांसमोर!”

“घरी चल, सिपोरा,” त्या म्हणाल्या.

“आजी,” शेवा धावत आली. “आजी, ऐक ना—”

“दारफाळणी होऊ दे. मग बोलू.”

त्या नाही म्हणाल्या नव्हत्या. शेवानं वाटेत माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मी मनातल्या मनात पोहे किती भिजवायचे त्याचा अंदाज करायला लागले होते.

योम किप्पूरला, प्रायश्चित्ताच्या दिवसाला, आमच्यात दारफाळणीचा सण म्हणतात. आदल्या संध्याकाळी ऊन असतानाच जेवून घ्यायचं, पांढरं नेसायचं आणि दार फाळायचं, म्हणजे लावून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी तारे दिसेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही, परक्याशी बोलणं नाही. मशिदीत जायचं आणि तिथून घरी, बस. पूर्वज त्या रात्री घरी येऊन जातात, असं जुन्या बायका सांगायच्या. पण दार लागायच्या आधी एक करायचं असतं. ज्याच्याशी वर्षभरात काही वेडंवाकडं झालं असेल त्याच्या दाराशी जाऊन माफी मागायची. देवाकडची माफी देव बघतो. माणसाकडची माणसाकडेच मागावी लागते.

रेमाबाई दर वर्षी यायच्या. उंबऱ्याबाहेर उभ्या राहायच्या, सासूबाई उंबऱ्याआत. “मिल्काबाई, काही चुकलं असेल तर पोटात घाला.” “तुम्हीही घाला.” संपलं. हे मी लग्न होऊन आल्यापासून पाहत होते.

त्या संध्याकाळी आमचे हे आणि शेवा लवकर मशिदीत गेले. सासूबाईंचे गुडघे धरले होते, म्हणून मी त्यांच्यापाशी थांबले. ऊन अजून माडांच्या शेंड्यांवर होतं. त्या उठल्या आणि त्यांनी दार लावून कडी घातली.

“आई, अजून वेळ आहे.”

“असू दे.”

“रेमाबाई यायच्या आहेत.”

“तिला बरं नाही. ती कसली येते?”

त्या दाराकडे पाठ करून पाटावर बसल्या. थोड्या वेळानं स्कूटरचा आवाज आला. मग काठीचा. मग दाराशी कुणीतरी दम घेत उभं राहिलेलं ऐकू आलं.

“मिल्काबाई.”

मी उठले. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या हातात एवढं बळ असेल असं मला वाटलं नव्हतं.

“दार फाळलंय,” त्या हळूच म्हणाल्या.

“आई, त्या बाहेर उभ्या आहेत.”

“फाळलंय म्हणते ना.”

“मिल्काबाई,” बाहेरून आवाज आला. “माहीत आहे मला, तुम्ही आत आहात. आत नका घेऊ. नुसतं उघडा. या खेपेला तोंड बघून मागते.”

सासूबाईंचे डोळे मिटलेले होते. ओठ हलत होते. मला वाटलं प्रार्थना म्हणत असतील.

मग बाहेरचा आवाज बदलला. अगदी खाली आला, दाराच्या फटीशी.

“मिल्कू. अगं मी काही बोलणार नाही. इतकी वर्षं बोलले का? पोरांचं तेवढं मार्गी लाव. मी नाही येणार मांडवात. दुखणं सांगेन. तू भिऊ नको.”

सासूबाईंना मिल्कू म्हणताना मी कुणाला ऐकलं नव्हतं. सासऱ्यांनाही नाही.

“आजी, चल,” अव्नेरचा आवाज आला. “बास झालं. चल घरी. या दारात किती वेळ उभी राहशील?”

“थांब रे. मागून तरी घेऊ दे.” मग चौकटीवर बोटं फिरल्याचा आवाज आला, मेझुझाला हात लावल्याचा. “माझं काही चुकलं असेल तर पोटात घाल. तुझं मी केव्हाच घातलंय.”

मी हात हिसकावून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा मी सासूबाईंना झिडकारलं. पण कडी पावसाळ्यात गंजलेली होती. ती निघून दार उघडेपर्यंत स्कूटर वळणाला लागली होती. रेमाबाई मागे एका बाजूनं पाय सोडून बसल्या होत्या. डोक्यावरचा पांढरा पदर वाऱ्यानं फुगला होता. मी हाक मारली. माझ्या हाका कुणाला ऐकू जातात?

दुसऱ्या दिवशी दुपारी, उपासातच, रेमाबाई गेल्या.

त्या दिवशी दफन करता येत नाही. मशिदीत शेवटचा शोफार, मेंढ्याचं शिंग, फुंकल्यावर शालोमकाकांनी सगळ्यांना सांगितलं, तेव्हा आम्हांला कळलं. घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं. त्यांच्यापुढे सरबताचा पेला ठेवला होता. त्यांनी तो सरकवला. त्या रात्री त्यांनी उपास सोडलाच नाही.

सकाळी त्या अनवाणी निघाल्या. गुडघ्यांचं नाव नाही. खाडीवरचा पूल, पलीकडची वाडी. मी आणि शेवा मागून. रेमाबाईंच्या घरात चार बायका मयताला आंघोळ घालायच्या तयारीत होत्या. सब्जाच्या डहाळ्या कोपऱ्यात ठेवल्या होत्या. अव्नेरच्या आईनं सासूबाईंना दारात पाहिलं आणि ती चमकली. हाजानाच्या घरची बाई त्या घरात कधी आली नव्हती.

“मिल्काकाकू, तुम्ही कशाला? आम्ही आहोत करायला.”

सासूबाईंनी पदर खोचला. तांब्या तिच्या हातातून घेतला.

“माझी आहे ती,” त्या म्हणाल्या. “आमची आई एक.”

बायका जागच्या जागी थांबल्या.

सासूबाईंनी पाणी घालायला सुरुवात केली, आधी उजव्या बाजूला, मग डाव्या. आणि पाणी घालता घालता, खाली बघत, त्या बोलत राहिल्या. आम्हांला नाही, रेमाबाईंना सांगावं तसं.

“तुझा बाप वारला. मग आईनं माझ्या बापाशी लग्न केलं. तो कराचीचा, गोऱ्यांतला. त्यानं अट घातली, थोरली मुलगी इथंच राहील, आजोळी. आईचं कूळ तिकडे कुणाला सांगायचं नाही. मी तिकडेच जन्मले. आई रोज तुझं नाव घ्यायची, बाप नसला की. मग देश तुटला, आम्ही इकडे आलो, आणि मला दिली ती नेमकी या गावात, हाजानाच्या घरात. पहिल्या मलिद्याला मी वाढत होते. तू अंगणात बसली होतीस, टोकाला. आईचं तोंड होतं तुझं. मी थांबले. सगळे बघत होते. तू वाटी वर धरलीस आणि म्हणालीस—”

त्यांनी तांब्या पुन्हा भरून घेतला. शेवानं माझा खांदा धरला.

“म्हणालीस, ‘वरून घाल गो बाय, हात नको लावू.’ आणि हसलीस. मी वरून घातला. तेव्हापासून घालतच राहिले.”

अव्नेरच्या आईनं तोंडात पदर कोंबला. सासूबाईंनी रेमाबाईंचे पाय पुसले, बोटाबोटांमधून, सावकाश. तिरडी उचलली तेव्हा आमचे हे पुढे झाले. त्यांनी एक बाजू खांद्यावर घेतली आणि पहिल्यांदाच, सगळ्यांना ऐकू जाईल असं, “मावशी” म्हणाले.

सुतकाचे सात दिवस संपल्यावर सासूबाईंनी मेंदी वाटली. स्वतः, पाट्यावर. वाटीत घेतली, वर रुमाल बांधला आणि आम्हां दोघींना घेऊन पुन्हा ती वाडी गाठली. अव्नेर पडवीत बसला होता. त्याची पेटी भरून तयार होती. इस्राएलला जायचे त्याचे कागद केव्हाचे होऊन पडले होते; शेवासाठी तो थांबला होता, हे मला तेव्हा कळलं.

सासूबाई त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या.

“बाबा, चुकलं माझं. वर्ष सरू दे दुःखाचं, पण शब्द आज घे. मी सगळ्या गावासमोर सांगते, तू माझ्या बहिणीचा नातू. पोरगी तुझी.”

अव्नेरनं पेटी जवळ ओढली.

“आजी,” तो म्हणाला, “तुम्ही देताय ते मला कळतंय. पण मी खांबांवर चढणारा माणूस. कुठला झटका किती, ते मला सोसतं. हा नाही सोसत.” तो उठून उभा राहिला. “त्या दाराशी ती चौकट धरून उभी होती. तिला श्वास घेता येत नव्हता. मी तिला ओढून नेली, कारण मला बघवेना. त्याच दारातून मी माझी बायको आणू? दर सणाला त्याच दारात जावई म्हणून उभा राहू? तुम्ही उघडाल हो आता. उघडालच. पण मला रोज ते लागलेलंच दिसेल.”

“मी नव्हते रे आत,” शेवा म्हणाली. “अव्नेर, मी मशिदीत होते. मी उघडलं असतं.”

“माहीत आहे,” तो म्हणाला. “म्हणून तर तुझ्याकडे बघवत नाही.”

मेंदी परत येईपर्यंत वाळली. शेवा एका शब्दानं आजीला बोलली नाही. त्या दिवशीही नाही आणि पुढेही नाही. जेवायला वाढायची, औषध द्यायची, पाय चेपायची. बोलायची नाही.

माझा नवस मात्र राहिला होता. रक्त एक निघू दे, हे देवानं ऐकलं. लग्न होऊ दे, हे नाही ऐकलं. अर्ध्या फळलेल्या नवसाचं काय करायचं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. शेवटी वर्षश्राद्धानंतर मी मलिदा घातला. आख्खा गाव आला. त्या वेळेपर्यंत अव्नेर तिकडे कुठल्याशा बंदरावर कामाला लागला होता.

प्रार्थना झाली. सब्जाचा वास अंगणभर होता. मी एकेकाला वाढत चालले आणि सासूबाईंची जागा रिकामी दिसली. मी शोधलं तर त्या अंगणाच्या अगदी टोकाला, उघड्या जमिनीवर, मांडी घालून बसल्या होत्या. त्यांच्या हातात रेमाबाईंची वाटी होती. अव्नेरच्या आईकडून त्यांनी ती कधी मागून आणली, मला ठाऊक नाही.

“आई, उठा,” मी म्हणाले. “पाटावर चला.”

त्यांनी वाटी दोन्ही हातांनी वर धरली.

“वरून घाल,” त्या म्हणाल्या. “हात नको लावू.”

मला ते करता येईना. डाव हातात घेऊन मी नुसती उभी राहिले. आमचे हे पुढे यायला निघाले आणि तिथंच अडखळले.

मागून शेवा आली. माझ्या हातातला डाव तिनं काढून घेतला. तिचे डोळे कोरडे होते. ती आजीसमोर सरळ उभी राहिली, वाकली नाही, आणि तिनं वाटीत मलिदा घातला. वरून, हात न लावता.